ऐन चाचणीच्या वेळी मूडल किंवा गूगल क्लासरूम बंद पडते: प्राध्यापकांसाठी समस्या निवारण

लक्षणे बहुतेक कॉलेजांत सारखीच असतात. अंतर्गत चाचणी सकाळी दहाला असते. पावणेदहापर्यंत मूडल (ऑनलाइन अभ्यासक्रम आणि चाचण्या चालवणारे सॉफ्टवेअर) व्यवस्थित उघडते. दहाला सगळी डिव्हिजन एकदम 'अटेम्प्ट क्विझ' दाबते, पान पांढरे होऊन गोल गोल फिरत राहते, आणि पाचेक मिनिटांत कोणाला ५०२, कोणाला ५०४, तर कोणाला 'डेटाबेस कनेक्शन फेल्ड' दिसू लागते. काहींचा पेपर मात्र चालू असतो. मग वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शंभर संदेश, प्राध्यापकांचे आयटी विभागाला फोन, आणि शेवटी 'बघू, नंतर सांगतो' असे मोघम उत्तर. पुढच्या सत्रात पुन्हा तेच.

सर्व्हर कधी बसेल हे प्राध्यापकाच्या हातात नसते. तो बसलेला असताना विद्यार्थ्यांची यादी, प्रश्नपत्रिका आणि आतापर्यंतचे गुण आपल्याजवळ असणे, आणि विद्यार्थ्यांना पुढचा निरोप कुठे मिळणार हे आधीच माहीत असणे, एवढे मात्र नक्की हातात असते. खालचे सगळे त्यासाठीच आहे. कॉलेजच्या स्वतःच्या किंवा भाड्याच्या सर्व्हरवर चालणारे मूडल डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. गूगल क्लासरूमसाठी जिथे वेगळे करावे लागते तिथे तसे सांगितले आहे.

बिघाड नेमका कुठे आहे

आयटी विभागाला फोन लावण्याआधी दोन मिनिटांत एवढे तपासा. कॉलेजच्या वायफायवर साइट उघडत नसेल तर फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर उघडून बघा. डेटावर उघडली तर मूडल ठणठणीत आहे. घोळ कॅम्पसच्या नेटवर्कमध्ये, फायरवॉलमध्ये किंवा डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेत) आहे. अशा वेळी ज्यांच्याकडे डेटा आहे त्यांना त्यावर जायला सांगितले की निम्मा वर्ग मार्गी लागतो. दोन्हीकडे उघडत नसेल तर सर्व्हरच बसला आहे. फक्त दोन-तीन विद्यार्थ्यांनाच अडचण असेल तर पासवर्ड, जुनी कुकी किंवा फोनचे चुकलेले घड्याळ बघा. घड्याळाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, पण तारीख चुकलेली असली की ब्राउझर सुरक्षिततेचा इशारा देऊन पान अडवतो आणि विद्यार्थी म्हणतो, 'साइट डाउन आहे'.

पडद्यावरचा आकडा शब्दशः लिहून घ्या, कारण आयटीच्या माणसाला तोच कामाचा असतो. ५०२ म्हणजे वेबसर्व्हर जागा आहे, पण त्यामागे पीएचपी (मूडल ज्या भाषेत लिहिले आहे ती) चालवणारी यंत्रणा उत्तर देत नाही. ५०४ म्हणजे ती यंत्रणा काम करते आहे, पण इतकी सावकाश की वाट बघण्याची मुदत संपली. याचे मूळ बहुतेक वेळा गर्दीत किंवा अडकलेल्या डेटाबेसमध्ये असते. ५०३ दिसला तर सर्व्हर भाराखाली आहे किंवा कोणीतरी साइट देखभालीसाठी बंद ठेवली आहे. 'डेटाबेसमध्ये लिहिताना त्रुटी' आली तर डिस्क भरली असण्याची शक्यता आधी तपासायला सांगा. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपल्याचा इशारा एकाच वेळी सगळ्यांना दिसत असेल तर नूतनीकरण राहून गेले आहे. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची मोफत प्रमाणपत्रे जास्तीत जास्त ९० दिवसांची असतात आणि त्यांचे आपोआप होणारे नूतनीकरण गुपचूप बंद पडलेले असते, त्यामुळे हा प्रकार दर काही महिन्यांनी परततो.

गूगल क्लासरूमबाबत एक लक्षात ठेवा: आधीच लॉगिन असाल तर चुकूनही लॉगआउट करू नका. १४ डिसेंबर २०२० रोजी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास गूगलच्या सेवा पाऊण तास जगभर बंद पडल्या होत्या. त्यात ओळख पटवणारी यंत्रणा कोलमडली होती. जीमेल, क्लासरूम, मीट, ड्राइव्ह असे लॉगिन लागणारे सगळे एकदम गेले. यूट्यूब मात्र लॉगिनशिवाय, इनकॉग्निटोमध्ये चालत होते. क्लासरूम बंद असताना 'जीमेलवर पाठवतो' ही योजना अशा दिवशी कामाची नसते.

मोठी क्लाउड कंपनी मागे असली की धोका संपला, असेही नाही. २० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात डीएनएसच्या नोंदी बिघडल्या आणि त्यावर चालणारे कॅनव्हास हे अमेरिकेतील विद्यापीठांत सर्रास वापरले जाणारे व्यासपीठ अडखळले. तिथे शिकवणाऱ्या मराठी प्राध्यापकांनाही पुढची तयारी तशीच लागू पडते. फक्त बटणांची नावे वेगळी.

बरोबर दहालाच का बसतो

समजा २४० विद्यार्थी आहेत. रोजच्या वापरात ते दिवसभर विखुरलेले असतात. चाचणीला ते एकाच मिनिटात येतात, आणि क्विझ सुरू करणे हे मूडलच्या जड कामांपैकी एक आहे: प्रत्येकासाठी प्रश्न निवडायचे, क्रम बदलायचा, प्रत्येक प्रश्नाची नोंद डेटाबेसमध्ये तयार करायची. दुसरी लाट शेवटच्या दोन मिनिटांत, सगळे एकदम 'सबमिट' दाबतात तेव्हा येते.

मूडलचा ढोबळ हिशेब असा आहे की १ जीबी रॅमवर एकाच वेळी १० ते २० जण सुखाने काम करतात. ४ जीबीच्या भाड्याच्या सर्व्हरवर म्हणजे ४० ते ८०. तिथे २४० जणांना एकदम सोडले तर काय होणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. त्यातच सर्व्हर बसवताना मूळ आकडे तसेच राहिलेले असतात: पीएचपी-एफपीएममध्ये (पीएचपी चालवणाऱ्या त्याच यंत्रणेत) एका वेळच्या प्रक्रिया मुळात ५ एवढ्याच ठेवलेल्या असतात आणि मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये जोडण्यांची मर्यादा १५१. रॅम वाढवूनही हे आकडे बदलले नाहीत तर पैसे खर्च होतात आणि साइट तशीच बसते.

गर्दीशिवायचीही कारणे असतात. मूडलचे आपोआप होणारे कोर्स बॅकअप दिवसा चालू राहतात. व्याख्यानांचे व्हिडिओ थेट मूडलवर चढवल्याने डिस्क भरते. संपूर्ण कॅम्पस एकाच सार्वजनिक आयपीवरून बाहेर जातो, त्यामुळे शे-दोनशे जणांची एकदम आलेली मागणी समोरची फायरवॉल हल्ला समजून अडवते. सर्व्हर रूमला जनरेटर असतो, पण दुसऱ्या मजल्यावरच्या ज्या स्विचवर वर्गाचे वायफाय चालते त्याला साधा यूपीएसही नसतो. वीज गेली की सर्व्हर चालू आणि वर्ग अंधारात. शेवटचे कारण सगळ्यात स्वस्तात सुटते आणि तरीही सगळ्यात जास्त वर्षे तसेच राहते.

क्विझ लावताना बदलायच्या गोष्टी

इथे प्राध्यापक एकटा बरेच काही करू शकतो, आयटीची परवानगी न घेता.

सगळ्यांना एका मिनिटात सोडू नका. मूडलमध्ये प्रत्येक डिव्हिजनचा ग्रुप करा आणि 'ग्रुप ओव्हरराइड'ने (एका ग्रुपपुरत्या वेगळ्या वेळा ठरवायच्या सोयीने) सुरुवातीची वेळ वेगळी द्या: ए डिव्हिजन १०:००, बी १०:०७, सी १०:१४. सात मिनिटांचे अंतर दिसायला किरकोळ आहे, पण सुरुवातीची लाट तीन भागांत फुटते. प्रश्न बँकेतून यादृच्छिक येत असतील तर सात मिनिटांत पेपर फुटण्याची भीती फारशी उरत नाही.

वेळमर्यादा आणि बंद होण्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३० मिनिटांची चाचणी १०:०० ते १०:३० अशी लावली तर १०:०६ ला आत आलेल्या विद्यार्थ्याला २४ मिनिटेच मिळतात, कारण बंद होण्याची वेळ सगळ्यांवर भारी पडते. खिडकी १०:०० ते ११:१५ ठेवा, वेळमर्यादा ३० मिनिटे. छोटासा अडथळा आला तर काहीच न बदलता निभावून जाते.

एका पानावर एक प्रश्न ही सवय सोडा. ३० प्रश्न, २४० विद्यार्थी, एका पानावर एक प्रश्न, म्हणजे नुसत्या पान बदलण्याच्या ७,२०० मागण्या. पाच प्रश्न एका पानावर घेतले की त्या १,४४० होतात. सगळे तीस एकाच पानावर टाकण्याचा मोह होतो, पण तसे करू नका. विद्यार्थी अर्धा तास 'नेक्स्ट' न दाबता बसतो आणि फक्त आपोआप होणाऱ्या जतनावर सगळी भिस्त राहते. ते साधारण मिनिटाला एकदा होते. प्रश्न समोर आल्यावर स्क्रोल न करता उत्तर देता येईल इतकीच पाने मोठी ठेवा.

प्रश्नांतली चित्रे १०० केबीच्या आत आणा. फोनने काढलेला आकृतीचा फोटो ४ एमबीचा असतो आणि तो २४० जणांना एकदम वाढायचा असतो. प्रत्येक प्रश्नानंतर लगेच प्रतिसाद दाखवणारी पद्धत टाळा, शेवटी एकदाच गुण दाखवणारी घ्या. आणि बरोबर उत्तरे क्विझ पूर्ण बंद झाल्याशिवाय दाखवू नका. नाहीतर ज्यांची चाचणी अडकली त्यांना पुन्हा तोच पेपर देता येत नाही.

निबंध, प्रकल्प, जर्नल यांच्या बाबतीत रविवारी रात्री ११:५९ ही मुदत टाळा. त्या वेळी सर्व्हर बसला तर सोमवारी सकाळपर्यंत बघायला कोणी नसते. कामाच्या दिवशी दुपारी ४ ही मुदत ठेवा. मूडलमध्ये 'ड्यू डेट' आणि 'कट-ऑफ डेट' वेगळ्या असतात: पहिलीनंतर उशीर नोंदला जातो, दुसरीनंतर दार बंद होते. दोन्हींत ४८ तासांचे अंतर ठेवा. क्लासरूममध्ये मुदतीनंतरही काम स्वीकारले जाते आणि त्यावर फक्त उशिराची नोंद होते, तुम्ही मुद्दाम बंद केले नसेल तर.

'अपलोड होत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा बिघाडाची नसतेच. आठ पानांचे हस्तलिखित, प्रत्येक पानाचा ४-५ एमबीचा फोटो, मिळून ३२ ते ४० एमबी. पीएचपीची मूळ मर्यादा एका फाइलला २ एमबी असते. तुमच्या कॉलेजने ती किती केली आहे ते विचारा आणि सूचनेत ठळक लिहा. फोनवरच्या स्कॅन करणाऱ्या ॲपने तेच पान कृष्णधवल केले तर २००-३०० केबीत बसते.

मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये क्विझ आधी उतरवून ऑफलाइन सोडवता येते, पण त्यासाठी क्विझमध्ये ती परवानगी चालू करावी लागते आणि वेळमर्यादा असलेली क्विझ तशी चालत नाही. म्हणून ही सोय सराव चाचण्यांसाठी उत्तम, गुणांच्या चाचणीसाठी जवळजवळ निरुपयोगी.

प्लॅटफॉर्मबाहेर काय ठेवायचे

दर शुक्रवारी दहा मिनिटे काढा. त्यात पुढच्या गोष्टी आपल्या लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर आल्या पाहिजेत. ड्राइव्हवर ठेवल्या म्हणजे बाहेर ठेवल्या असे समजू नका, क्लासरूम वापरणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

पहिली विद्यार्थ्यांची यादी: हजेरी क्रमांक, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), नाव, ईमेल, फोन. दुसरा गुणांचा तक्ता, ग्रेडबुकमधून निर्यात केलेला. इथे दोन खड्डे आहेत. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुराचा तक्ता) एक्सेलमध्ये नुसती दोन टिचक्या मारून उघडली तर देवनागरी नावांचा कचरा होतो. ती 'डेटा' मेनूतून यूटीएफ-८ निवडून आत घ्या, नाहीतर मूडलमधून थेट एक्सेल किंवा ओडीएस स्वरूपात काढा. दुसरा खड्डा जास्त घातक. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ अंकच जपते. पीआरएन १६ अंकी असेल तर शेवटचा अंक शून्य होतो आणि शेजारशेजारचे विद्यार्थी एकाच क्रमांकावर येतात. फाइल जतन केली की मूळ अंक परत मिळत नाही. तो स्तंभ आत घेतानाच 'टेक्स्ट' म्हणून घ्या.

मग चालू आणि पुढच्या घटकाच्या नोट्स, पीडीएफमध्ये. व्याख्यानापुरते एवढे पुरते.

प्रश्नपत्रिकेबाबत मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण इथेच गैरसमज फार आहेत. 'मी कोर्सचा बॅकअप घेतलाय' असे म्हणून प्राध्यापक निर्धास्त होतात. ती बॅकअपची एमबीझेड फाइल दुसरे चालू मूडल असल्याशिवाय उपयोगाची नाही, म्हणजे नेमक्या गरजेच्या तासाला ती पेनड्राइव्हवर नुसती पडून राहते. शिवाय प्राध्यापकाच्या अधिकारात घेतलेल्या बॅकअपमध्ये सहसा विद्यार्थ्यांच्या नोंदी नसतात. गुण आणि उत्तरे त्यात आहेत असे धरून चालू नका. प्रश्नबँक मूडल एक्सएमएल स्वरूपात काढा, त्यात चित्रेही येतात. गिफ्ट या साध्या मजकुराच्या स्वरूपात चित्रे येत नाहीत. आणि या सगळ्याच्या वर एक छापील संच हवा. तो ऑनलाइन पेपरपेक्षा वेगळ्या प्रश्नांचा पण त्याच काठिण्याचा असावा, कारण बंद पडण्याआधी पेपर ज्यांच्या पडद्यावर उघडला त्यांनी प्रश्न पाहिलेले असतात. अर्धवट उघडलेला पेपर फुटलेला समजा.

छापून ठेवायचा की वेळेवर झेरॉक्स काढायचा? हिशेब करा. दोन पानी पेपर, २४० विद्यार्थी, ४८० बाजू. कार्यालयातले यंत्र मिनिटाला २५ ते ३० बाजू काढते, म्हणजे कागद न अडकता, वीज असताना, १६ ते १९ मिनिटे. आणि सर्व्हर ज्या दिवशी विजेमुळे गेला त्या दिवशी यंत्रही बंद. गुणांचे वजन मोठे असेल तर आदल्या दिवशी छापून, पाकीट बंद करून विभागप्रमुखांकडे द्या. छोट्या चाचणीसाठी पेपरची एक प्रत आणि उत्तरांचे अर्ध्या पानाचे छापील कूपन पुरे.

फोन क्रमांकांच्या यादीला पासवर्ड लावा आणि ती ग्रुपवर टाकू नका. ती विद्यार्थ्यांची खासगी माहिती आहे आणि ती सांभाळण्याची जबाबदारी आपली आहे.

निरोप पोहोचवायचे रस्ते

सगळे व्हॉट्सॲपवर सोपवलेले असते. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकदम गेले आणि सहा तासांहून अधिक काळ परतले नाहीत. म्हणून एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन रस्ते ठरवा आणि सत्राच्या पहिल्या व्याख्यानात विद्यार्थ्यांना लिहून द्या: पहिला व्हॉट्सॲप, दुसरा एसएमएस किंवा सी.आर.मार्फत (वर्ग प्रतिनिधीमार्फत) फोन. एका सी.आर.ने पाच जणांना, त्या प्रत्येकाने पुढच्या दहा जणांना फोन केला की ५६ जणांपर्यंत निरोप जातो.

कॉलेजचा घाऊक एसएमएस वापरायचा असेल तर एक गोष्ट आधीच करून ठेवावी लागते. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार असा एसएमएस आधी नोंदवलेल्या साच्यातूनच जातो. ऐनवेळी लिहिलेला मजकूर दूरसंचार कंपनी अडवते. तेव्हा 'विषय, वेळ, पुढचा निरोप' एवढ्या जागा रिकाम्या ठेवलेला साचा सत्राआधीच नोंदवायला सांगा. मराठी एसएमएस ७० चिन्हांचा असतो, इंग्रजीसारखा १६० चा नाही, आणि काना-मात्रा-वेलांट्याही स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजल्या जातात. मजकूर आखूड ठेवा, नाहीतर प्रत्येक विद्यार्थ्यामागे तीन-तीन संदेशांचे पैसे जातात.

व्हॉट्सॲपचा मजकूरही आधी लिहून ठेवा. असा चालेल:

'टीवायबीकॉम ए, कॉस्टिंग चाचणी: मूडल सध्या उघडत नाही. बिघाड सर्व्हरकडचा आहे, तुमच्या फोनचा नाही. पेपर चालू असेल तर टॅब बंद करू नका, रिफ्रेश करू नका. पुढचा निरोप १०:२० ला इथेच येईल. या बिघाडामुळे कोणाचेही गुण जाणार नाहीत.'

यात कारण सांगितलेले नाही, आणि ते शोधत बसायचेही नाही. विद्यार्थ्याला कारणापेक्षा पुढच्या निरोपाची वेळ हवी असते. १०:२० म्हटले की १०:२० लाच लिहा, मग सांगण्यासारखे फक्त 'अजून बंद आहे' एवढेच असले तरी.

साइट बसल्यावरची वीस मिनिटे

घड्याळ बघून वेळ वहीत टिपा. दोन मिनिटे वर सांगितलेली तपासणी. पाचव्या मिनिटापर्यंत आयटीला एकच फोन, विभागातून एकाच माणसाने करायचा; सात प्राध्यापक सात फोन करतात तेव्हा दुरुस्ती करणारा फोनच घेत बसतो. दहाव्या मिनिटाच्या आत पहिला निरोप.

विद्यार्थ्यांना तीन सूचना तोंडी, मोठ्याने द्या. रिफ्रेश करू नका: प्रत्येक रिफ्रेश म्हणजे दमलेल्या सर्व्हरवर आणखी एक ओझे, आणि पडद्यावरची न जतन झालेली उत्तरेही जातात. टॅब बंद करू नका: जोडणी तुटल्याचा लाल इशारा आला तरी पानावर भरलेले तिथेच असते, सर्व्हर आला की 'नेक्स्ट' दाबल्यावर ते जतन होते. आणि चालू पानावरची उत्तरे कागदावर उतरवून घ्या. उतरवताना 'प्रश्न ७, पर्याय बी' असे लिहू नये. प्रश्नांचा आणि पर्यायांचा क्रम प्रत्येकाचा वेगळा असतो, नंतर त्यावरून काही जुळत नाही. प्रश्नाचे पहिले चार शब्द आणि उत्तराचा मजकूर लिहायला सांगा, खाली सही, वेळ, आणि पर्यवेक्षकाची सही.

पंधराव्या मिनिटाला निर्णय. तोवर साइट आली नाही तर वाट बघणे थांबवा. १० गुणांची चाचणी असेल तर दुसरा दिवस द्या, त्यात कमीपणा काही नाही. वेळापत्रकात बसवलेली ३० किंवा ४० गुणांची परीक्षा असेल आणि विद्यार्थी कॅम्पसवर असतील तर विसाव्या मिनिटाला छापील संच काढा. विद्यार्थी घरून देत असतील तर मात्र पुढे ढकलण्याशिवाय न्याय्य रस्ता नाही. ऐनवेळी गूगल फॉर्म बनवून लिंक टाकण्याचा प्रकार टाळाच. घाईत हजेरी क्रमांकाचा रकाना राहतो, एक जण दोनदा भरतो, दुसऱ्याची लिंक तिसरा उघडतो, आणि फॉर्मला स्वतःची वेळमर्यादाही नसते. फॉर्म हा पर्याय हवाच असेल तर तो आठवडाभर आधी बनवा, दोन सहकाऱ्यांकडून भरून बघा आणि 'प्रतिसाद स्वीकारणे' बंद करून ठेवा.

छापील पेपरवर गेल्यावर दिव्यांग विद्यार्थ्यांचा विचार सगळ्यात शेवटी होतो, आणि तो त्यांच्यावर अन्याय आहे. स्क्रीन रीडरवर पेपर देणाऱ्या विद्यार्थ्याला कागद देऊन उपयोग नाही; त्याच्यासाठी तोच संच वर्डमध्ये, नेट न लागणाऱ्या संगणकावर तयार हवा. ताशी किमान २० मिनिटांचा वाढीव वेळ कागदावरही तितकाच लागू राहतो. लेखनिकाचा फोन क्रमांक त्या पाकिटातच ठेवा.

साइट परत आल्यावर

क्विझचे घड्याळ बिघाडात थांबत नाही. विद्यार्थ्याने १०:०० ला सुरू केलेली ३० मिनिटांची चाचणी, सर्व्हर १०:१० ते १०:२४ बंद असला, तरी १०:३० लाच संपते. म्हणून साइट आली की विद्यार्थ्यांना 'चला, सुरू करा' म्हणण्याआधी ओव्हरराइड टाका: वेळमर्यादा ३० ऐवजी ५०, बंद होण्याची वेळही तितकी पुढे. बिघाडाची १४ मिनिटे आणि पुन्हा स्थिरावायला थोडी, असा हा हिशेब. चालू असलेल्या पेपरलाही तो लागू होतो. आधी लाट येऊ देऊन मग ओव्हरराइड टाकायला गेलात तर तोवर काहींचे पेपर आपोआप जमा झालेले असतात. त्यांना वाढीव प्रयत्न द्यावा लागतो, आणि नवा प्रयत्न म्हणजे नवे प्रश्न.

मुदत संपल्यावर आपोआप जमा होणे हे काम मूडलचा क्रॉन (ठरावीक वेळाने आपोआप चालणारा प्रोग्राम) करतो, तो दर मिनिटाला चालायला हवा. सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर वेबसर्व्हर आणि डेटाबेस उठतात, क्रॉन कधी कधी उठत नाही. मग दोन दिवसांनी कळते की बरेच पेपर 'चालू' अवस्थेतच अडकले आहेत आणि गुणतक्त्यात डॅश आहेत. साइट आल्यावर अर्ध्या तासाने क्विझच्या निकालांत असे अडकलेले प्रयत्न किती आहेत ते बघा.

विद्यार्थ्यांच्या तक्रारी तपासताना कोर्सच्या 'लॉग्ज' अहवालावर भरवसा ठेवा. बिघाडाच्या काळात त्यात मोकळी जागा दिसते; कोणाचा शेवटचा जतन कधी झाला तेही दिसते. वाचण्याआधी टाइमझोन तपासा. सर्व्हर यूटीसीवर (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर) ठेवलेला असेल तर सकाळी १०:१२ ची नोंद ४:४२ अशी दिसते आणि प्रामाणिक विद्यार्थी खोटा ठरतो. स्क्रीनशॉट पुरावा म्हणून घ्या, पण लॉगशी जुळवून. शंका राहिली तर फायदा विद्यार्थ्याला द्या. सर्व्हर आपला होता.

सत्राआधी आयटी विभागाला विचारून ठेवा

उत्तरे लेखी घ्या, विभागाच्या सूचनाफलकावर लावा. एकाच वेळी किती जण क्विझ देऊ शकतात, आणि हा आकडा मोजलेला आहे की अंदाजाचा? कोर्स बॅकअप रात्री किती वाजता चालतो? डिस्कवर किती जागा उरली आहे? प्रमाणपत्र आणि डोमेन कोणाच्या नावावर, मुदत केव्हा संपते? (डोमेन, म्हणजे साइटचे नाव, पुष्कळदा निवृत्त झालेल्या शिक्षकाच्या खासगी ईमेलवर नोंदवलेले असते आणि नूतनीकरणाची सूचना कोणी न उघडणाऱ्या पेटीत जाऊन पडते.) शनिवारी दुपारी फोन कोण उचलेल? मजल्यावरच्या स्विचला यूपीएस आहे का?

पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर रंगीत तालमीतच मिळते. गुणांच्या चाचणीच्या आठवडाभर आधी, त्याच वेळी, त्याच वायफायवर, पूर्ण बॅचला पाच प्रश्नांची बिनगुणांची क्विझ एकाच मिनिटाला सुरू करायला लावा. आयटीचा माणूस तेव्हा सर्व्हरच्या रॅम आणि जोडण्यांच्या आकड्यांवर नजर ठेवून बसलेला हवा. क्विझ अडखळली तर ग्रुप ओव्हरराइडमधले अंतर सातऐवजी बारा मिनिटांचे करा आणि डिव्हिजननुसार पुन्हा घ्या. तरीही अडखळली तर तो सर्व्हर त्या बॅचला पुरणार नाही हे नक्की समजा, चाचणी कागदावर लावा आणि आकड्यांसह रॅमची मागणी प्राचार्यांकडे पाठवा.